नसलेली चूक

रत्नागिरीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मृणाली आपल्या पीएचडीसाठी प्रयोग करत होती. प्रत्येक प्रोग्रामरला ती एक प्रोग्राम द्यायची आणि त्यातली चूक शोधायला सांगायची. काहींच्या प्रोग्राममध्ये चूक नव्हतीच. "चूक आहे" असं कुणी ठामपणे सांगितलं की माणसं काय करतात, तेच तिला पाहायचं होतं.

टीमचे प्रमुख तोडणकर सर त्या दिवशी जेवायलाही उठले नाहीत. शेवटी लॅपटॉप मिटून हळूच म्हणाले, "मला नाही सापडली हो. वय झालं बहुतेक." खरं काय ते मृणालीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बाकीच्यांची पाळी अजून यायची होती, म्हणून ती गप्प बसली.

तोच प्रोग्राम मिळालेल्या नम्रताने मात्र एक चूक काढून दाखवली. ऑफिसभर तिचं कौतुक झालं.

प्रयोग संपल्यावर मृणाली सगळ्यांना खरं सांगायला आली, तर सरांच्या जागेवर नम्रता बसलेली. सरांनी स्वतःच साहेबांना सांगून टीम तिच्याकडे सोपवली होती.

मृणालीने सरांना बाहेर व्हरांड्यात नेलं. "सर, त्यात चूक नव्हतीच. तुमचंच बरोबर होतं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

सरांनी वळून दारातून आत नम्रताकडे पाहिलं.

 

"नम्रताला हे सांगू नका हां, मॅडम. आता कुठे पोर मान वर करून बोलायला लागलीय."