सातचं बटण

पुंडलिकरावांनी पेटीवरचं सातचं बटण दाबलं आणि सात उमटला नाही. पुन्हा दाबलं, तेव्हा तांबडा सात झगझगत उभा राहिला. त्यांचं बोट तिथंच थिजलं.

समोर हबीब मेकॅनिक चहाची बशी ओठाला लावून बसला होता. पुसदच्या बसस्टँडमागे त्याचं रेडिओचं दुकान, आणि तिथं आज सामना होता. एका बाजूला पुंडलिकरावांचा मोबाइल. निवृत्तीनंतर नातीला गुरू करून त्यांनी आपला जुना कॅलक्युलेटर त्यात उतरवला होता. दुसऱ्या बाजूला हबीबची सागवानी पेटी. तारा, चिपा आणि भंगारातली बटणं जोडून त्यानंही तोच कॅलक्युलेटर घडवला होता. अस्सल नग पस्तीसेक वर्षांपूर्वी चोरीला गेलेला.

तो नग म्हणजे काय चीज होती! पुंडलिकरावांच्या मेहुण्यानं परदेशातून आणलेला. त्याला 'बरोबर'चं बटणच नव्हतं. आधी दोन्ही आकडे द्यायचे, मग बेरीज की गुणाकार ते सांगायचं. कालव्याच्या ऑफिसात तो सुरू झाला की साहेबलोक डबे झाकून बघायला यायचे. मारेगावची एक म्हैस दूध किती देणार, हे पुंडलिकरावांनी त्यावर साइन-कोसाइन लावून काढलं, आणि म्हशीनं मुकाट्यानं तेवढंच दिलं, असं सांगतात. म्हैस आता हयात नाही, तेव्हा खोटं कोण म्हणणार?

घरीही तोच कारभार. वरणाला मीठ किती, ते पुंडलिकराव माणशी काढून बायकोला, पंचफुलाबाईंना, सांगत. वरण अळणी झालं तर चूक बाईंची; यंत्र कसं चुकेल?

आणि सात? एकदा सीताफळ खाता खाता आकडेमोड चालली होती, तर रस सातखाली उतरला. तेव्हापासून सात दोनदा दाबावा लागे. इंजिनिअर माणूस. ही बेअब्रू त्यांनी कुणाला सांगितली नाही. चारचौघांत इतक्या सफाईनं दाबत, की बघणाऱ्याला एकदाच दाबल्यासारखं वाटे. मोबाइलमध्येही त्यांनी सातला धुऊन-पुसून निर्दोष करून टाकलं होतं.

हबीबच्या पेटीत मात्र सीताफळ जिवंत होतं.

"हबीब," पुंडलिकराव हळूच म्हणाले, "तू तं म्हने नेटवरचे फोटो पाहून बनोलं. हे फोटोत दिसते काय?"

बशी हवेतच राहिली. हबीबला त्याची सवय नडली होती. बनवायचं तर होतं तसंच, खोटसुद्धा सोडायची नाही, हीच त्याची जन्माची रीत.

"जसं होतं तसं बनोलं, भाऊ."

"म्हंजे माहा नग तुह्यापाशी होता!"

"अमानत होती. इकली नाही, कोनाले दाखोली नाही. मागच्या साली तो नग बंद पडला. मंग जीव राह्यला नाही, म्हनून हे बनोलं."

"कोनं देल्ली?"

हबीबनं बशी खाली ठेवली. अमानत ठेवणाऱ्याचं नाव ओठावर आणायचं नाही, हे त्याच्याकडे बापापासून चालत आलेलं.

पुंडलिकरावांना नावाची गरजही नव्हती. ज्या दुपारी नग गेला, त्या दुपारी घरी बाहेरचा माणूस एकच जेवायला होता. पंजाबराव. ऑफिसातला जिवलग. ती दुपार त्यांना लख्ख आठवत होती. वरण अळणी झालेलं, आणि त्यांनी पाहुण्यादेखत यंत्र समोर धरून पंचफुलाबाईंना फैलावर घेतलेलं. संध्याकाळी पाहतात तर नग नाही. मग त्यांनी पंजाबरावच्या नावानं गावभर बोभाटा केला. पंजाबराव बदली घेऊन उमरखेडला गेला, तो तोंड फिरवूनच. आता तो अंथरुणाला खिळला होता. 'एकदा येऊन जा' असा त्याचा निरोप आला होता आणि पुंडलिकराव विरघळलेही होते. उद्याची एसटी ठरली होती.

"चोर तिकडे आन चोराचं गाठोडं सांभाळनारा इकडे," पेटी काखेत मारून ते उठले. "रोज याच खुर्चीवर बसून मी त्या नगासाठी रडलो. आन तो खुर्चीखाली होता?"

"वरच्या फळीवर होता," हबीब म्हणाला. तेवढंही खोटं त्याच्यानं ऐकवेना. "पन भाऊ, उमरखेडले जा. तुमी दोघं पुन्हा एक व्हावं, म्हनून तं बनोलं हे."

"तो मेला तरी जात नाही."

पंचफुलाबाई अंगणात तूर पाखडत होत्या. पुंडलिकरावांनी पेटी त्यांच्यापुढं ओट्यावर आदळली.

"पाह्य! पंजाबच चोर निंघाला. नग नेऊन देल्ला हबीबले, आन हबीब्यानं दाबून ठेवला. एवढे वर्स मी म्हनत होतो, तेच खरं. उद्याचा डबा बांधू नको."

सूप थांबलं. पंचफुलाबाई पेटीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पदराला हात पुसला.

"हात नको लावू," पुंडलिकराव म्हणाले. "तुले नाही समजत त्याच्यातलं."

बाईंनी पेटी सुरू केली. अंगठ्यानं सात दाबला आणि उमटतो की नाही हे न बघताच पुन्हा दाबला. तांबडा सात उभा राहिला.



"डबा दोघाइचा बांधते," पंचफुलाबाई म्हणाल्या. "पंजाबभाऊचे पाय मले बी धरा लागन."

"तू...? तू देल्ला हबीबले?"

"पुऱ्या पुसदले इचारलं तुमी," त्यांनी सूप पुन्हा उचललं. "मलेच तेवढं इचारलं नाही."