फायटर शेवटी सोडायचा

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं माझ्या हॉलमधल्या नव्या टाकीत मासे सोडत होतो. माशांवरची पुस्तकं मी वाचली होती, त्यामुळे बोलण्याचं काम माझ्याकडे आणि पाण्याच्या पिशव्या धरून उभं राहण्याचं बाबांकडे.

"फायटर शेवटी सोडायचा," मी व्याख्यान सुरू केलं. "आधी सोडला तर सगळी टाकी स्वतःचीच समजतो, मग दुसऱ्या कुणाला टिकू देत नाही."

"असं होय! म्हणजे या घरात तुला आधी सोडलं, तिथेच चुकलं," बाबा म्हणाले. "बाईसाहेब, आम्ही दोघं म्हातारे राहायला आलो तर चालेल का?"

"बघू," मी म्हणाले, आणि टाकीतला चालू असलेला हीटर पुन्हा तपासला.

आता आईला चार दिवसांसाठी म्हणून घेऊन आले आहे. टाकीत फायटर आणि बारके कॅटफिश गुण्यागोविंदाने नांदताहेत. त्याने अजून एकदाही रागाने कल्ले फुगवलेले नाहीत. ते काम मी करते. आईने स्वयंपाकघरातल्या डब्यांची जागा बदलली म्हणून, काल तर नुसती माझ्या खुर्चीत बसली म्हणूनसुद्धा.

आज सकाळी तिने बॅग भरली. "तुझं तुला बरं पडतं गं, मला का कळत नाही?" असं म्हणत ती चपला घालायला लागली.



मी दारात आडवी उभी राहिले. "आई, जाऊ नकोस. मला एकटीला राहता येत नाही. कधीच येत नव्हतं."