कुंपणावरचं लाल फडकं

बायकोला जाऊन महिना झाला, त्या दिवशी तिच्या मधपेट्यांपुढे मेलेल्या माश्यांचा थर पडलेला दिसला. शेजारच्या दौलतच्या काकडीच्या मांडवातून औषधाचा वास येत होता.

फवारणीच्या आदल्या संध्याकाळी दौलतने कुंपणाला लाल फडकं बांधायचं आणि ते बघून तिने पेट्यांची दारं लावायची, असं बारा वर्षं चाललं होतं. या वेळी कुंपण मोकळंच होतं.

“वहिनी गेल्या. म्हटलं, आता दारं कोण लावणार?” तो म्हणाला.

तिला खांदा देणाऱ्यांत तो होता. फवारणीच्या आदल्या संध्याकाळी मी घरातच होतो, पण मला हाक मारावी असं त्याला वाटलं नाही.

पंधरा दिवसांनी तो अर्धी पोसलेली, वाकडी काकडी घेऊन आला. “दादा, माश्यांवाचून सगळा माल असाच निघतोय. नवं पोळं बसवा की.”

“तुझ्या काकड्यांसाठी?”

“वहिनींसाठी म्हणा.”

परसातल्या फणसाच्या ढोलीत एक पोळं आहे. ते पेटीत कसं उतरवायचं, हे तिने मला शिकवलं होतं. त्याआधी औषध लागलेल्या पेट्या धुवाव्या लागतात. त्या मात्र मी अजून धुतलेल्या नाहीत.