पाचवं नाव

यादीत चार नावं होती. हितेंद्र परबांनी ती वरून खाली वाचली, मग खालून वर. त्यांचं नाव कुठेच नव्हतं.

पान प्रिंटरमध्येच राहून गेलं होतं. नव्या खनिजाला मान्यता मिळावी म्हणून आंतरराष्ट्रीय समितीकडे जो अर्ज नुकताच गेला होता, त्यातलं हे शोधकर्त्यांचं पान. पहिलं नाव अनुजा मॅडमचं, दुसरं विभागप्रमुख उन्मेष सरांचं, उरलेली दोन जर्मनीच्या प्रयोगशाळेतली.

परळच्या त्या कॉलेजात परब चौतीस वर्षं दगड कापत होते. दगडाची चकती काढायची, काचेला चिकटवायची आणि तिच्यातून उजेड आरपार जाईपर्यंत घासायची. त्या काचांवर कितीतरी जण डॉक्टर झाले. एकाने प्रबंधात आभार मानले, तेही ‘श्री. परव’ यांचे.

पण हे खनिज त्यांना सापडलं होतं. गुजरातच्या एका टेकडीवरचा दगड घासताना एक बारीक दाणा खिडकीपाशी गुलाबी दिसला आणि ट्यूबलाइटखाली हिरवट. आम्लाचा थेंब टाकल्यावर बुडबुडे आले, म्हणजे कार्बोनेट. दुर्मिळ मृदा धातूंची अशी खनिजं त्यांनी पूर्वीही घासली होती. हा दाणा त्यांच्यापेक्षा फार मऊ निघाला. उन्मेष सर म्हणाले, “नेहमीचंच आहे, पुढे चला.” परबांनी मात्र आपल्या वहीत तारीख घालून नोंद केली आणि काच अनुजा मॅडमना नेऊन दिली. त्याला तीन वर्षं झाली.

पान हातात घेऊन ते मॅडमच्या खोलीत गेले.

“यात माझं नाव राहिलंय.”

मॅडमनी पान झटकन काढून घेतलं. “राहिलं नाही, परबकाका. मीच घातलं नाही.”

“का?”

“या यादीत तुमचं नाव नको. शुक्रवारपर्यंत थांबाल?”

शुक्रवारी परब निवृत्त होणार होते. म्हणजे हार घालायचा, नारळ द्यायचा आणि विषय संपवायचा. ते तडक बाहेर आले.

लालबागला घरी आले तरी शर्टही न बदलता कॉटवर बसून राहिले. लक्ष्मीबाईंनी खोदून विचारलं तेव्हा कुठे बोलले.

“मगे तुमी गप कित्याक रवलास?” त्या भडकल्या. “वही तुमची, डोळे तुमचे, आणि नाव त्यांचा?”

मुलगी आकांक्षा म्हणाली, “बाबा, मॅडमशी अजून एकदा बोला ना. इतकी वर्षं चांगल्या वागल्यात त्या.”

“चांगलं वागून काय उपयोग?” परब म्हणाले. “तू लिही.”

तिने समितीच्या अध्यक्षांना इंग्रजीत ईमेल लिहिला आणि वहीच्या पानांचे फोटो जोडले. परब शेजारी बसून एकेक तारीख तपासत होते. ‘पाठवा’चं बटण त्यांनी स्वतः दाबलं.

पुढचे तीन दिवस ते कॉलेजात कुणाशी धड बोलले नाहीत. मॅडम दोनदा काहीतरी विचारायला आल्या, तेव्हा परबांनी मशीन चालू केलं.

शुक्रवारी सकाळी उत्तर आलं. आकांक्षाने ते मोठ्याने वाचलं. पुरावा स्पष्ट आहे. हितेंद्र परब यांचं नाव शोधकर्त्यांत पाचवं म्हणून घेतलं आहे. अर्जदारांना तसं कळवलं आहे. हा निर्णय अंतिम आहे.

लक्ष्मीबाईंनी देवापुढे साखर ठेवली. परबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, नाक्यावरून पेढे घेतले आणि ताठ मानेने कॉलेजात शिरले.

प्रयोगशाळेत अनुजा मॅडम एकट्याच बसल्या होत्या. परबांनी पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला.

“माझं नाव लागलं, मॅडम.”

“कळलं मला. अभिनंदन.” त्यांनी पेढा घेतला नाही. “त्या दिवशीच सांगायला हवं होतं मी. समारंभात सगळ्यांसमोर द्यावं, असं मनात होतं.”

त्यांनी एक लिफाफा पुढे केला. परबांनी चष्मा पुसून आतला कागद उघडला. अर्जामागून समितीला पाठवायचं संमतीपत्र होतं ते. ‘या नव्या खनिजाला माझं नाव देण्यास माझी संमती आहे.’ त्याखाली प्रस्तावित नाव छापलं होतं: परबाइट. सहीची जागा कोरी होती.

परबांनी तो शब्द दोनदा वाचला. मग खिशातलं पेन काढलं.

“सही कुठे करू?”

“नका करू, काका,” मॅडम म्हणाल्या. “शोधकर्त्यांच्या यादीत ज्याचं नाव असतं, त्याचं नाव खनिजाला देता येत नाही. समितीने सकाळीच ते खोडलंय.”