वडाची फांदी

अंगणवाडीच्या योगिताताईंनी सकाळी मुलांना चित्रांचं पुस्तक दाखवलं. त्यात झाडं तुटली तसे ढग रुसले अन् आड आटला. मुलं तुटक्या झाडांवरून बोटं फिरवत राहिली.

दुपारी ताई उपाशीपोटी वटपौर्णिमेच्या पूजेला बसल्या. फाट्यावरचा वड रस्ता रुंद करताना गेलेला, म्हणून मांजरसुंब्याहून फांदी विकत आणली होती. नवऱ्याच्या आयुष्यासाठी त्या तिला सूत गुंडाळत होत्या, तोच अंगणवाडीतलीच शेजारची चिमुरडी अंजू उंबऱ्यात थबकली.

"पट्टी बांधायलाव का ताई? वडाला लई लागलं का वो?"

ताईंचा हात थांबला. अंजूनं जवळ येऊन फांदीचं तुटकं टोक दोन्ही हातांनी अलगद धरलं.

"बांधा तुमी. पर हळू."

नवऱ्यासाठी मागायचं आयुष्य ताईंनी आज आधी त्या फांदीसाठी मागितलं.