नर्स काय म्हणाली

नर्स दुसऱ्यांदा सांगत होती, पण कुलथे सरांना एक शब्द कळेना. बार्शीच्या शाळेत तीस वर्षं त्यांनी इंग्रजी शिकवलं होतं, मुलांकडून उच्चार घोटून घेतले होते. इथं मुलाकडे ग्लासगोत मात्र सगळे वेगळंच इंग्रजी बोलत होते. तिसऱ्यांदा विचारायची त्यांना लाज वाटली. ‘थँक यू’ म्हणून ते बाकावर बसून राहिले. नर्स घाईनं आत गेली, जिथं त्यांची बायको अत्यवस्थ होती.

गाडी लावून मुलगा आला, नर्सशी बोलला आणि वडिलांजवळ येऊन बसला.

“आई गेली, बाबा. त्या नर्स तुम्हाला आत बोलवत होत्या. तुम्ही गेला का नाहीत?”

सर म्हणाले, “शेवटी ती काही बोलली का, विचार नर्सला.”

नर्सला मराठी कुठून येणार? कानावर पडलेलं तिनं आठवून, आपल्या हेलात म्हणून दाखवलं. “आऽहू... आऽहू...”

चाळीस वर्षं बायको त्यांना ‘अहो’ म्हणूनच हाक मारत होती. भिंत धरून सर उठले.

“आलो गं,” म्हणत आत गेले.