शेप मोड

"एफ आठ दाबलास?"

"दाबला. एफ नऊ दाबला, आजूबाजूचा बटणांचा आख्खा वाफा दाबून झाला," कोंडू फोनवर ओरडला. त्या ओरडण्याने शेणव्यापासून तानशापर्यंतचे बगळे उडाले म्हणतात. कॉम्प्युटर मात्र ढिम्म. पडद्यावर एक चकरी फिरत होती, ती फिरतच राहिली.

बाहेर मांडवात नात प्रियांका पाटावर बसलेली. हळद कालवून तयार. पण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हटल्याशिवाय नवरीला हळद लावायची कशी? गावची एकुलती धवलारीण ठकी, आणि तिचा गळा नेमका आजच बसलेला. चूल फुंकावी एवढीच हवा बाहेर येत होती. बाकीच्या बाया म्हणायच्या, "आमाला नाय बा येत. ते ठकीनंच म्हणावं." गेल्या साली नातू हितेशने ठकीचे धवले व्हिडिओत धरून या कॉम्प्युटरात ठेवले होते. फोनवर होता तो हाच, मुरबाडहून जीपने निघालेला, आणि मुहूर्त टळायला आलेला.

"आजा, आता एकच उपाय. सेफ मोड. कळलं? सेफ मोड," हितेश म्हणाला आणि रेंज गेली.

कोंडूला चांगलंच कळलं. शेप मोड. उभा जन्म त्याने दुसरं केलं काय होतं? बैल चिखलात बसला की शेपटीला पीळ द्यायचा. त्याच्या पिळाने एकदा मेलेला बैल उठून बांधापर्यंत चालत गेला होता, असं तो शपथेवर सांगतो.

त्याने कॉम्प्युटरच्या मागे हात घातला. काळी लांब शेप हाताला लागली. दिला पीळ. कॉम्प्युटर गपकन विझला. बटण दाबलं, चकरी आली. पुन्हा पीळ. पुन्हा चकरी. "ऊठ रे माझ्या राजा," म्हणत त्याने तिसऱ्यांदा शेप मोडली, बटण दाबलं, आणि पडदा निळाशार झाला. त्यावर चौकटी उगवल्या.

तेवढ्यात फोन वाजला. चौकटी आल्या हे हितेशला आधी खरंच वाटेना. "आजा, बटणं ऐकत नसली की असंच करतात. चालू होता होता दोन-तीनदा बंद पाडायचा. तुला कोणी शिकवलं?"

"तूच ना रे. शेप मोड म्हणालास."

पलीकडे जीपभर हसू फुटलं. मग हितेश सांगत गेला, कोंडू बोट रोवत गेला. शेवटी चारचा आकडा दाबला आणि कॉम्प्युटर उठला. टेबलासकट त्याला दारात ओढलं. पडद्यावर ठकी आली. ठकीने तोंड उघडलं.

आवाज नाही.

"अरे देवा," हितेश म्हणाला, "सेफ मोडला आवाजच नसतो."

"म्हंजे ह्याचाबी गळा बसला," बायांतली जना म्हणाली. बाया फिसकन हसल्या. पण सगळ्यांचे डोळे पडद्यावरच्या ओठांवर. ओठ गोल झाले तशी जना पहिला शब्द पुटपुटली. शेजारणीने दुसरा उचलला. तिसऱ्याला तर पडद्याकडे बघायचीही गरज उरली नाही. खरी ठकी पुढे सरकली, गुडघ्यावर थाप देत ठेका धरू लागली. प्रियांकाच्या गालाला हळद लागली. मांडव दणाणला.

"वा आजा," फोनमधून हितेश ओरडला, "आवाज येतोय की. चालू झाला ना?"

"कॉम्प्युटर मुकाच हाय रे," कोंडू म्हणाला. "बाया चालू झाल्या."